ऊसबिल, घरची वही आणि चार पुस्तके



गेल्या महिन्यात ऊसनोंदीच्या कामासाठी गटऑफिसात गेलो असता एका तरुण सभासदाने मला गाठले. शेतकी पदविका झालेला, वडिलांच्या माघारी साडेतीन एकर रान सांभाळणारा मुलगा. म्हणाला, "गुरुजी, धंद्याचं आणि पैशापाण्याचं काही शिकवील असं एखादं पुस्तक सांगा की. मोबाईलवर नुसते लोक ओरडत असतात, करोडपती व्हा म्हणून. त्यातलं खरं कुणाचं मानायचं?" मी दोन-तीन नावे सांगितली. त्याने ती लिहून घेतली. घरी येताना मात्र माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. कारण पुस्तकांची नावे सांगणारा हा गुरुजी एकेकाळी चार पानांचा एक कागद न वाचता खाली सही करून बसला होता.

ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगण्याचा मला थोडा तरी अधिकार राहील. माझ्या मावसभावाने गोठ्यासाठी एका पतसंस्थेचे कर्ज काढले. "दादा, नुसती सही लागते. तुमची नोकरी आहे म्हणून तुमची चालते," असे म्हणून तो कागद घेऊन आला. घरात पाहुणे बसले होते, चहा चालला होता. मी शेवटचे पान उलटले आणि जामीनदाराच्या जागी सही केली. त्या वेळी मी सातवीच्या मुलांना सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकवीत होतो, हे विशेष! पुढे दोन म्हशी दगावल्या, भाऊ थकला, आणि नोटीस आली ती माझ्या नावाने. मी तावातावाने संस्थेत गेलो. "कर्ज त्यानं घेतलं, आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडं या," असे म्हणालो. व्यवस्थापकांनी शांतपणे तिसरे पान काढून पुढे ठेवले. "गुरुजी, सही तुमचीच ना?" एवढेच विचारले.

1872 च्या करार कायद्याचे 128 वे कलम असे आहे की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडे आणि मग आपल्याकडे, असा क्रम कायद्यात नाही. हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. तीन वर्षे पगारातून कपात झाली, घरातून पाटल्या गेल्या, मुलीचे नर्सिंगचे शिक्षण एक वर्ष लांबले आणि भावाशी चार वर्षे बोलणे बंद राहिले. यात संस्थेचा काही दोष नव्हता. कागदावर सगळे स्पष्ट छापलेले होते.

सबब, माझ्या यादीत पहिले नाव पुस्तकाचे नाही. ते आपल्या ऊसबिलाचे आहे.

आपल्यापैकी किती जण बिल वाचतात? बहुतेक जण मोबाईलवर मेसेज आला की शेवटचा आकडा पाहतात, चुकचुकतात किंवा खूश होतात, आणि कागद फडताळात जातो. बिल वाचावयाचे म्हणजे टनेज आपल्या वजनपावत्यांशी ताडून पाहावयाचे, दर कसा निघाला ते पाहावयाचे, आणि कपातीची एकेक ओळ कशाची आहे ते कळेपर्यंत पुढे जावयाचे नाही.

दराचे उदाहरण घेऊ. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपण ज्याला एफ.आर.पी. म्हणतो तो, 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये ठरविला. त्यावरील प्रत्येक 0.1 टक्का उताऱ्याला 3 रुपये 46 पैसे वाढ. आता समजा, दरासाठी धरावयाचा उतारा 11.25 टक्के आहे. म्हणजे वरचा एक टक्का, त्याचे दहा टप्पे, 34 रुपये 60 पैसे. बेरीज 389 रुपये 60 पैसे क्विंटलला, टनाला 3,896. यातून आपल्याकडे तोडणी-वाहतूक वजा होते. ती 900 रुपये धरली तर हातात 2,996. हे गणित पाचवीच्या मुलालाही येते. पण ज्याने ते एकदा स्वतः कागदावर मांडले, त्याला पुढे कोणीही "एवढाच बसतो हो दर" असे सांगून गप्प बसवू शकत नाही. उतारा कोणत्या हंगामाचा धरला, इथेनॉलकडे वळविलेल्या साखरेची तूट त्यात मिळवली का, तोडणी-वाहतुकीचा आकडा कसा काढला, हे तीन प्रश्न तो नेमके विचारील.

आणखी एक गोष्ट. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात आणि उशीर झाल्यास दरसाल पंधरा टक्के व्याज लागू होते. तीन लाखांचे बिल साठ दिवस लांबले तर हे व्याज सुमारे 7,400 रुपये होते. (कारखान्याच्याच पत्रिकेत हे छापणे संपादकांना जड जाणार नाही, अशी आशा आहे. सभासद हाच मालक, असे आपण दर वार्षिक सभेत म्हणतोच.)

दुसरा कागद सोसायटीचा खातेउतारा. पीककर्जाच्या व्याज सवलतीचा सारा जीव मुदतीत भरण्यात आहे. राज्य सरकारने 2021 साली डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची मर्यादा वाढवून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याज पडू नये अशी सोय केली. पण मुदत चुकली की सवलत गेली. दोन लाखांवर सात टक्क्यांनी धरले तरी वर्षाचे 14,000 रुपये झाले. आमच्या गावात एका गृहस्थांनी घरी पैसे असूनही आठ दिवस उशीर केला. कारण विचारले तर, "तारीखच ठाऊक नव्हती." तारीख खातेउताऱ्यावर होती. चौदा हजारांत वर्षभराचा किराणा येत नसेल, पण चार-पाच महिन्यांचा नक्की येतो.

तिसरा कागद आपल्या कारखान्याचा वार्षिक अहवाल. दरवर्षी सप्टेंबरअखेर सभा होते, त्याआधी तो आपल्या घरी येतो, आणि बहुतेक घरांत त्याच्या गुळगुळीत पानांवर शेंगदाणे खाल्ले जातात. पहिली दहा-बारा पाने फोटो आणि श्रद्धांजली यांची असतात, ती झाली की आपण मिटतो. खरा अहवाल तेथून पुढे सुरू होतो. सगळा ताळेबंद समजला पाहिजे असे नाही. माझी एक युक्ती सांगतो. नफा-तोटा पत्रकात 'व्याज' अशी ओळ असते. ती रक्कम घ्यावी आणि हंगामातील एकूण गाळपाने भागावे. समजा व्याज 24 कोटी आणि गाळप सहा लाख टन. उत्तर आले 400. म्हणजे आपण घातलेल्या प्रत्येक टनामागे चारशे रुपये बँकांकडे गेले. हाच भागाकार पगाराच्या ओळीचा करावा, दुरुस्ती-देखभालीच्या ओळीचा करावा, आणि गेल्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहावे. कोटींच्या आकड्यांनी माणूस दबतो. टनामागे किती, असे केले की तो आकडा आपल्या फडात येऊन उभा राहतो. लेखापरीक्षकांनी कोणता वर्ग दिला, अ की ब की क, आणि काय दोष दाखविले, तेही वाचावे. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या 32 व्या कलमान्वये सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभेची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. तो कुणी मेहरबानी म्हणून देत नाही.

आता घरची वही. हिला पुस्तकाचाच मान द्यावा. आपल्यासाठी तीच सर्वात उपयोगी, आणि ती आपल्यालाच लिहावी लागते.

दोन एकर आडसाली लागण धरा. एकरी 55 टन, एकूण 110 टन. वरच्या हिशेबाने 2,996 रुपयांनी 3,29,560 रुपये. गावात सांगताना आपण हाच आकडा सांगतो. आता नांगरट, बेणे, खते, भांगलण, भरणी, औषधे, पाणीपट्टी, वीजबिल मिळून 1,60,000 खर्च धरा. शिल्लक 1,69,560. पण हा ऊस रानात राहिला सतरा महिने. भागून पाहा. महिन्याला दहा हजारांच्याही आतच. त्यात घरच्या माणसांची मजुरी अजून धरलेलीच नाही. मी हे एका बैठकीत फळ्यावर मांडले तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, पुसा ते. पोरगी बघायला येणार हाईत उद्या." सगळे हसले, पण त्यांनी घरी जाऊन नातवाकडून वही आणविली.

वही कशी लिहावी याचे फार शास्त्र करू नये. एका पानावर आले, समोरच्या पानावर गेले. उधारीला आणि हातउसन्याला वेगळे पान. घरात जी व्यक्ती रोज लिहील तिच्याकडे ती असावी. माझ्या अनुभवात ती बहुधा घरातील बाई असते. पुरुषांची वही दिवाळीपर्यंत टिकते. आणि हातउसने घेतले असेल तर त्याचे व्याज शेकडा किती ते वर्षात मांडावे. 'शेकडा तीन' ऐकायला हलके वाटते. पन्नास हजारांवर महिना दीड हजार, अठरा महिन्यांनी बिल निघेपर्यंत 27,000. वर्षाला छत्तीस टक्के.

एवढे वाचून झाले की मग पुस्तके. त्या मुलाला सांगितलेल्या नावांपेक्षा ही यादी थोडी वेगळी आहे, घरी आल्यावर विचार करून केली.

पहिले पुस्तक महात्मा फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड', 1883 सालचे. याच्या आरंभीच्या ओळी आपल्याला पाठ असतात, भाषणांत येतात, भिंतींवर असतात. पण पुढचे पुस्तक वाचलेला माणूस विरळा. जोतीराव नुसते समाजसुधारक नव्हते. ते स्वतः कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरविला, शेती केली. त्यामुळे त्यांना पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे डोळ्यांनी दिसत होते. शेतकऱ्याचा पैसा कागदपत्रात, कचेरीत, लग्नकार्यात आणि धर्माच्या नावावर कसा गळतो, याचे त्यांनी केलेले वर्णन आज वाचले तरी आपल्याच घरातले वाटते. उपायांचे प्रकरण तर जरूर वाचावे. ताली-बंधारे घालून माती आणि गाळ रानातच अडवावा, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे, अशा सूचना त्यात आहेत. भाषा जुनी आहे, धार फार आहे. एका बैठकीत दहा पाने, असे वाचावे.

दुसरे पुस्तक इंग्रजीत आहे, तेव्हा ज्याच्या घरी शिकलेला मुलगा-मुलगी आहे त्याने वाचून घ्यावे. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावात घरोघर जाऊन कोणाचे उत्पन्न किती, खर्च किती, कर्ज किती हे लिहून काढले आणि 1917 साली दख्खनच्या खेड्यातील जमीन आणि श्रम यांवर ग्रंथ छापला. त्या गावी 1771 साली एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती, ती 1914-15 पर्यंत सात एकरांवर आली होती. त्यांनी तपासलेल्या 103 कुटुंबांपैकी निव्वळ शेतीवर नीट भागणारी घरे होती आठ. बाहेरची मजुरी-नोकरी धरून भागणारी आणखी अठ्ठावीस. उरलेल्या सदुसष्ट घरांचा मेळ बसतच नव्हता. आज त्याच पिंपळे सौदागरात उंच इमारती उभ्या आहेत आणि सात-बारा शोधावा लागेल. पण मॅनसाहेबांची रीत घेण्यासारखी आहे. त्यांनी कोणाला उपदेश केला नाही. फक्त विचारले आणि लिहिले. आपल्या गावात अशी पाहणी केली तर आठ घरे निघतील की अठरा, याची मला फार उत्सुकता आहे; धाडस मात्र अजून झालेले नाही.

तिसरे पुस्तक पंजाबचे आहे. माल्कम डार्लिंग नावाचे इंग्रज अधिकारी तेथे सहकार खात्यात होते. पंजाबच्या शेतकऱ्याची भरभराट आणि त्याचे कर्ज, या विषयावर त्यांनी 1925 साली ग्रंथ लिहिला. आपण समजतो की गरिबीमुळे कर्ज होते. डार्लिंग यांना दिसले ते असे की, नवे कालवे आले, गव्हा-कापसाला भाव आला, जमिनीची किंमत चढली, तसे कर्जही चढले. शंभरातले फक्त सतरा जमीनमालक कर्जातून मोकळे होते. कारण सावकार पडक्या रानाला पैसे देत नाही, भरल्या रानाला देतो. जमीन महाग झाली की तारण मोठे होते, पत वाढते, आणि पत आहे म्हणून माणूस घेत सुटतो.

हे वाचताना मला पंजाब दिसला नाही, आपलाच मुलूख दिसला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. सावकारांनी मोकळ्या हाताने पैसे दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, त्यातच सरकारने शेतसारा वाढविला, आणि सावकारांनी हात आखडला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. लोण पुणे-नगर जिल्ह्यांतील गावोगाव गेले. बहुतेक ठिकाणी त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते काढून घेऊन जाळले. ज्यांना वाचता येत नव्हते त्या लोकांनी अंगठे दिलेल्या कागदांची होळी केली. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण या गोष्टीची सुरुवात दुष्काळाने झाली नव्हती, चांगल्या भावाने झाली होती, हे लक्षात राहत नाही. उसाला पाणी आल्यावर आपल्याकडे काय झाले? ज्या वर्षी बिल चांगले, त्याच वर्षी नवी गाडी, त्याच वर्षी मांडवाला झालर. मी कोणाला नाव ठेवत नाही. थोरल्याच्या लग्नात मीही बँड दोन आणले होते.

चौथे पुस्तक मराठीत मिळते. जॉर्ज क्लेसन या अमेरिकन गृहस्थाने 1926 च्या सुमारास बॅबिलॉनच्या जुन्या नगरीतील गोष्टी म्हणून छोट्या पुस्तिका लिहिल्या. तिकडच्या बँका आणि विमा कंपन्या त्या आपल्या गिऱ्हाइकांना वाटत असत. पुढे त्यांचेच पुस्तक झाले. गोष्टीरूप असल्यामुळे मुलांनाही वाचून दाखविता येते. त्यातली मुख्य शिकवण एवढीच की मिळकतीचा दहावा भाग आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात घर चालवावे. आपण उलटे करतो. घर चालवून उरले तर ठेवू म्हणतो, आणि उरत नाही. मात्र हे पुस्तक हप्त्याहप्त्याने कमाई असणाऱ्यांसाठी आहे. आपली कमाई अठरा महिन्यांनी एकदम येते, आणि येते तेव्हा सोसायटी, दुकानदार, ट्रॅक्टरवाला, सोयरे सगळे वाटेत उभे असतात. म्हणून आपल्याला त्यात थोडी दुरुस्ती करावी लागेल. बिल जमा झाले त्याच दिवशी दहावा हिस्सा मुदत ठेवीत जावा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नये. वरच्या उदाहरणात शिल्लक 1,69,560 ची दहावी फोड सतरा हजार. दोन एकरवाल्याला हे जड आहे, मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी पाच हजार टाकावेत, पण त्याच दिवशी टाकावेत.

त्या मुलाने स्वतःहून एका पुस्तकाचे नाव काढले होते, रॉबर्ट कियोसाकी यांचे 'रिच डॅड पुअर डॅड'. 1997 सालचे हे अमेरिकन पुस्तक मराठीत सर्वत्र दिसते, एस.टी. स्टँडवरसुद्धा. त्यातला एक विचार कामाचा आहे. जी वस्तू खिशात पैसे टाकते ती मत्ता, जी खिशातून काढते ती देणे, असे तो लेखक म्हणतो. हिशेबनीस हे मान्य करणार नाहीत, पण घरच्या हिशेबाला ही फूटपट्टी बरी आहे. मात्र कर्ज काढून श्रीमंत व्हा, अशी जी हवा त्यातून डोक्यात जाते ती घातक आहे. तिकडच्या शहरातील घरे आणि आपला माळ यांत फरक आहे.

फूटपट्टी लावून पाहू, ट्रॅक्टरला. सहा लाखांचे कर्ज, 'फक्त नऊ टक्के', पाच वर्षे. विकणारा मुलगा गोड बोलतो. त्याचे नऊ टक्के पूर्ण सहा लाखांवर पाचही वर्षे लागतात, म्हणजे व्याज 2,70,000, एकूण 8,70,000, महिन्याला 14,500. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, पाचव्या वर्षी आपल्याकडे सहा लाख राहिलेलेच नसतात. तरी व्याज सहा लाखांचेच! उरलेल्या बाकीवर व्याज लावणाऱ्या बँकेच्या भाषेत हाच दर साडेपंधरा टक्क्यांच्याही वर जातो. म्हणून 'टक्के किती' एवढे विचारू नये, 'कशावर टक्के' हे विचारावे आणि उत्तर कागदावर मागावे. आता वर्षाचे हप्ते झाले 1,74,000. चार एकरांची मशागत भाड्याने करून घेतली आणि तिला चाळीस हजार लागत असतील, तर उरलेले 1,34,000 गावच्या कामातून मिळाले पाहिजेत, तेही डिझेल, चालक आणि दुरुस्ती सोडून. गावात आधीच बावीस ट्रॅक्टर असतील तर तेविसाव्याला काम कोण देणार? ज्याच्याकडे बारा महिने वाहतुकीचे काम आहे त्याच्यासाठी तोच ट्रॅक्टर मत्ता आहे. दारात पूजा करून उभा असलेला मात्र देणेच.

यादी येथे संपते, पण वाचावयाचे कसे, याविषयी एक आठवण सांगतो. सहकाराचे मूळ म्हणून आपण इंग्लंडातील रॉचडेलचे नाव घेतो. 1844 सालच्या 21 डिसेंबरला तेथील अठ्ठावीस कामगारांनी एका बोळात दुकान उघडले. लोणी, पीठ, ओटचे भरड, मेणबत्त्या आणि साखर एवढाच माल. होय, साखर! व्यवहार रोखीचा, उधारी बंद. पुढे नफ्यातील शेकडा अडीच हिस्सा त्यांनी शिक्षणासाठी बाजूला काढला आणि दुकानाच्या वरच वाचनालय केले. दिवसभर गिरणीत राबलेली माणसे रात्री तेथे बसून वर्तमानपत्र आणि पुस्तके वाचत. ज्याला वाचता येत नसे तो ऐके.

आपल्याकडे असे करावयास नफ्याचा अडीच टक्केही नको. गटऑफिसाची ओसरी रात्री रिकामीच असते. हंगाम संपल्यावर आठवड्यातून एक वार ठरवावा, एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. पहिल्या वेळी पुस्तक न घेता प्रत्येकाने आपले ऊसबिल आणावे. आमच्या गावी वैशाखापासून असे सुरू केले आहे. पहिल्या दिवशी सात जण आलो, तिसऱ्या दिवशी चार. पाचव्या दिवशी महिला सभासद आल्या आणि तेव्हापासून संख्या घटलेली नाही. एकीने विचारले, "गुरुजी, जामीनदाराचा कागद कसा असतो तो दाखवा ना, आमच्या ह्यांनी दोन ठिकाणी सह्या केल्यात." मी माझाच जुना कागद नेऊन दाखविला. तिसऱ्या पानासकट.

तो तरुण सभासद परवा आला होता. बिल घेऊन. सगळ्या ओळी त्याने पेन्सिलीने टिकल्या होत्या, एकीचा उलगडा होत नव्हता, 3,200 रुपयांची कपात. आम्ही दोघे शेतकी विभागात गेलो. कारकुनाने जुनी नोंद काढून दाखविली. वडिलांनी शेवटच्या वर्षी बेणे उचलले होते, त्याची बाकी होती. कपात बरोबरच होती. मुलगा जरा वेळ त्या नोंदीवरील वडिलांच्या सहीकडे पाहत राहिला, मग खिशातून वही काढून त्याने तारीख आणि रक्कम उतरवून घेतली.